कागदी माणसाची दहा बोटे

अमेरिकेच्या केंद्र सरकारात एक खाते आहे. त्याच्या पूर्ण नावात दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटके अशा चार वस्तू एका दमात येतात. तिकडचे लोक गमतीने म्हणतात, की हे सरकारी खाते नसून कोपऱ्यावरचे दुकान असायला हवे होते. खात्याचे लाडके नाव ‘एटीएफ’. वस्तू चार आणि अक्षरे तीन, कारण स्फोटके नावात उशिरा, २००३ साली आली आणि तोवर अक्षरे वाटून झाली होती. सरकारी यादीत उशिरा नाव घातलेल्यांचे सगळीकडे असेच होते.

तर या खात्याने एका प्रश्नाचा तब्बल सहा वर्षे कीस पाडला. प्रश्न असा : ज्याला बोटेच नाहीत, त्याच्या बोटांचे ठसे कसे घ्यायचे? हा प्रश्न कुठल्या भुताबद्दल नव्हता. तो ट्रस्ट, कंपन्या आणि भागीदाऱ्या यांच्याबद्दल होता. अमेरिकेत मशीनगन, सायलेन्सर किंवा आखूड नळीची रायफल एखाद्या ट्रस्टच्या नावावर घेता येते. म्हणजे मालक कागद आणि चाप ओढणारा माणूस. गोळी सुटली की कान माणसाचे दुखणार, पण मालमत्ता कागदाची.

हे समजून घ्यायला १९३४ पर्यंत मागे जावे लागते. दारूबंदी नुकतीच उठली होती, पण दारूबंदीने पोसलेले गुंड अजून टुणटुणीत होते. १९२९ साली व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी शिकागोत सात जणांना भिंतीशी उभे करून ‘टॉमी गन’ या मशीनगनने उडवले होते, ते देश विसरला नव्हता. मशीनगन लोकांच्या हातून काढून घ्यावी असे सरकारला मनापासून वाटत होते. पण सरळ बंदी घालावी तर राज्यघटना आडवी येईल अशी धास्ती. तेव्हा अॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांच्या खात्याने जगातल्या सर्व सरकारांना सुचणारा उपाय काढला. बंदी म्हणायचे नाही, कर म्हणायचे. ‘नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट’ आला आणि हत्यार बनवायचे किंवा हस्तांतर करायचे तर दर वेळी २०० डॉलर भरा असा नियम झाला. त्या काळी टॉमी गनचीच किंमत साधारण तेवढी होती. म्हणजे एक बंदूक घ्यायची आणि दोन बंदुकांचे पैसे मोजायचे. कर भरल्याची खूण म्हणून चिकटवायला एक तिकीट मिळे. आजही लोक त्याला ‘स्टॅम्प’च म्हणतात आणि अर्ज मंजूर झाला की ‘माझा स्टॅम्प आला’ असे एकमेकांना हर्षभराने कळवतात.

मूळ मसुद्यात पिस्तुलेही होती. मग कोणी तरी शहाणपणाने विचार केला, की पिस्तुलावर कर बसला तर लोक रायफलच कापून पिस्तुलाएवढी करतील. म्हणून कापलेल्या रायफली आणि कापलेल्या शॉटगन याही यादीत घातल्या. पुढे विरोध झाला, पिस्तुले मसुद्यातून वगळली. कापलेल्या बंदुका मात्र कोणी वगळल्या नाहीत. ज्या चोरवाटेसाठी कुंपण घातले ती वाटच राहिली नाही, कुंपण तेवढे राहिले. त्यामुळे आज चार इंची नळीच्या पिस्तुलाशी या कायद्याला काही देणेघेणे नाही. पण रायफलीची नळी सोळा इंचांना पाव इंच जरी कमी भरली आणि तिची नोंद नसली, तरी दहा वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. शॉटगनला अठरा इंच. गुन्हेगार आणि सज्जन यांच्यातला फरक इतक्या अचूकपणे मोजणारा कायदा दुसरा नसेल. त्यासाठी पोलिसाला फक्त मोजपट्टी लागते.

या कायद्याने नोंदणीही सक्तीची केली. त्यावर १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एक मुद्दा आला आणि न्यायमूर्तींची पंचाईत झाली. बेकायदा हत्यार बाळगणाऱ्याने नोंदणी करायला जाणे म्हणजे ‘माझ्याकडे बेकायदा हत्यार आहे’ असे सरकारला लिहून देणे. आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. कोर्टाने ते मानले. परिणामी नोंदणी केली नाही म्हणून सज्जनाला शिक्षा होऊ शकत होती, पण पक्क्या गुंडाला घटनेचे संरक्षण होते. काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला आणि गुंडांना पुन्हा सज्जनांच्या रांगेत आणून उभे केले.

या यादीतल्या सायलेन्सरची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. हायरम मॅक्सिम या गृहस्थांनी स्वयंचलित मशीनगनचा शोध लावला आणि ती वाजवून वाजवून ते स्वतः ठार बहिरे झाले. त्यांचे चिरंजीव हायरम पर्सी मॅक्सिम यांनी बंदुकीचा सायलेन्सर काढला. वडिलांनी आयुष्यभर आवाज केला आणि मुलाने तो कमी करण्याचे पेटंट १९०९ साली घेतले. पिता-पुत्रांमधल्या मतभेदाची इतकी फलदायी नोंद इतिहासात क्वचितच असेल. सायलेन्सर लावला की सिनेमात ऐकू येतो तसा ‘फुस्स’ आवाज होतो, ही मात्र समजूत चुकीची. आवाज साधारण वीस ते पस्तीस डेसिबलने कमी होतो. तरीही शेजारी दचकतोच, फक्त बहिरा होत नाही. नॉर्वे-फिनलंडमध्ये शिकारी तो सर्रास वापरतात, शेजाऱ्याला त्रास नको म्हणून. अमेरिकेत मात्र तो मशीनगनच्या पंगतीला जाऊन बसला.

आता अर्जाकडे वळू. एखाद्या साध्या नागरिकाने सायलेन्सर घ्यायचे ठरवले, तर २०१६ पूर्वी त्याला काय काय करावे लागे? एक नमुना, तोही दोन प्रतींत. पासपोर्टसारखा दोन इंची फोटो. दहाही बोटांचे ठसे, खास कार्डावर, शाई लावून, बोट डावीकडून उजवीकडे गोल फिरवत. २०० डॉलर. आणि सगळ्यात शेवटी, गावच्या मुख्य पोलिस अधिकाऱ्याची, म्हणजे शेरीफची किंवा पोलिसप्रमुखाची सही. खरी मेख या सहीत होती.

शेरीफ हा तिकडे बहुतेक ठिकाणी निवडून येतो. निवडून येणाऱ्या माणसापुढे सहीसाठी कागद ठेवला, की तो आधी कागद वाचत नाही, उद्याचा पेपर वाचतो. सही दिली आणि पुढे काही भलते झाले तर छायाचित्रासह पहिल्या पानावर कोण? शेरीफ. नाही दिली तर? कोणी विचारणारच नाही, कारण सही देण्याची कायद्याने सक्ती नव्हती. त्यामुळे एका काउंटीत शेरीफ हसत हसत सही करी आणि शेजारच्या काउंटीतला ‘आमच्याकडे अशा सह्या होत नाहीत’ असे सांगून विषय बंद करी. कारण द्यायची गरज नव्हती. अपील नव्हते. अर्जदार तोच, गुन्हा शून्य, ठसे स्वच्छ, पण नदीच्या अलीकडे राहिल्यामुळे त्याला सायलेन्सर मिळत नसे.

अशा वेळी माणूस कायदा बारकाईने वाचू लागतो. कायदा बारकाईने वाचणारा नागरिक सरकारला नेहमीच महागात पडतो. या नागरिकांना दिसले, की कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात हाडामांसाच्या माणसाबरोबर भागीदारी, कंपनी, मृताची इस्टेट आणि ट्रस्ट यांचाही समावेश आहे. आणि ठसे, फोटो व शेरीफची सही या तिन्ही अटी फक्त हाडामांसाच्या माणसाला आहेत. कारण उघड होते. ट्रस्टला बोटे नाहीत. ट्रस्टचा फोटो काढायचा तर कशाचा? आणि शेरीफने कोणाची वर्तणूक प्रमाणित करायची? कागदाची वर्तणूक नेहमीच उत्तम असते.

मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको. आपल्याकडे देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर देवाचे नाव लागलेले असते. देव जमिनीचा मालक असतो, देव दावा लावतो, देव दावा जिंकतो, पण तलाठ्याकडे खेटे घालायला आणि सहीला वहिवाटदार. देवाचा अंगठा घेण्याचा आग्रह आजवर कुठल्या तलाठ्याने धरल्याचे ऐकिवात नाही. फरक इतकाच, की आपल्या देवांच्या हातात शस्त्रे आधीपासूनच आहेत आणि ती कायद्याच्या फार आधीची असल्यामुळे नोंदणीचा प्रश्न येत नाही.

तर ट्रस्टची ही वाट सापडल्यावर वकिलांचे भाग्य उजळले. ‘गन ट्रस्ट’ नावाचा एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. काहीशे डॉलर द्या, वीस-पंचवीस पानांचा दस्तऐवज घ्या, नोटरी करा, झाला ट्रस्ट. ज्यांना वकीलही महाग वाटला त्यांनी मृत्युपत्र करण्याचे घरगुती सॉफ्टवेअर वापरून संध्याकाळच्या वेळात ट्रस्ट केला. संस्थापक मी, विश्वस्त मी, लाभार्थी माझा सहा वर्षांचा मुलगा, आणि मालमत्ता, तूर्त एक सायलेन्सर. एटीएफच्याच हिशेबाने, २००० साली अशा कायदेशीर संस्थांचे अर्ज सुमारे ८४० होते. २००९ मध्ये ते १२,६०० झाले आणि २०१२ मध्ये ४०,७०० वर गेले. बारा वर्षांत अमेरिकेत इतके विश्वस्त निर्माण झाले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या विश्वस्त मंडळाची बैठक गॅरेजमध्ये भरत होती.

केवळ शेरीफला चुकवण्यासाठी लोक ट्रस्ट करत, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. त्यात एक खरी सोयही होती. हत्यार नवऱ्याच्या नावावर नोंदलेले असेल, तर नवरा घरात नसताना ते बायकोच्या ताब्यात असणे हा गुन्हा ठरू शकतो. आणि ताब्यात म्हणजे हातातच असे नाही. तिजोरीचे कुलूप ज्या आकड्यांनी उघडते ते आकडे तिला माहीत असले, तरी वकील लोक मान हलवू लागतात. आता विचार करा, बायकोला तिजोरीचे आकडे माहीत नसलेला नवरा अमेरिकेत किती मिळेल? आणि समजा मिळाला, तर आकडे तिला सांगितले नाहीत याचे कारण ‘केंद्र सरकार’ असे त्याने सांगून पाहावे. ट्रस्टमध्ये नवरा-बायको दोघेही विश्वस्त झाले की हा गुन्हाही मिटे आणि संशयही. शिवाय माणूस मरतो, ट्रस्ट मरत नाही. वडील गेले तरी बंदूक जागच्या जागी राहते, फक्त तिच्यावरून भांडणारे बदलतात.

एक बारीक अडचण होती. ट्रस्टने स्वतः आखूड रायफल बनवली, तर बनवणारा म्हणून ट्रस्टचे नाव, गाव आणि राज्य धातूवर कोरावे लागे. अजूनही लागते. अक्षरांची खोली किमान एका इंचाच्या हजार भागांतले तीन भाग. आणि कोरणारा नावाच्या लांबीकडे बघत घाम पुसतो. ज्यांनी हौसेने आजोबा, पणजोबा आणि कुलनाम यांची सांगड घालून भारदस्त नाव ठेवले होते, त्यांना बंदुकीवर जागा पुरेना. त्यामुळे वकील पहिल्याच भेटीत सांगू लागले, की बाबांनो, नाव आखूड ठेवा.

आता मुख्य वादाकडे. डिसेंबर २००९ मध्ये एटीएफकडे एक अर्ज आला. तो बंदुकांना विरोध करणाऱ्यांनी केला असेल असे कोणालाही वाटेल. तो केला होता या हत्यारांचे व्यापारी आणि संग्राहक यांच्याच संघटनेने. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. एक, ट्रस्टच्या नावाने हत्यार घेणाऱ्या माणसांचीही ओळख तपासा, उगाच कोणी तुरुंगातून सुटलेला ट्रस्टच्या आडून घुसेल आणि सगळ्यांचे नाव बद्दू करील. दोन, त्या बदल्यात शेरीफच्या सहीची अट काढून टाका. सरळ सौदा होता. आम्ही एक कडकपणा पत्करतो, तुम्ही एक जाच कमी करा.

सरकारने चार वर्षे विचार केला. २०१३ च्या ऑगस्टअखेर उपाध्यक्ष जो बायडेन यांनी व्हाइट हाउसमधून नव्या नियमाची घोषणा केली आणि मसुदा बाहेर आला. त्यात पहिली मागणी मान्य झाली होती. ट्रस्टमधल्या प्रत्येक ‘जबाबदार व्यक्ती’चे ठसे आणि फोटो. दुसऱ्या मागणीचे काय? शेरीफची सही काढायची होती, ती तर राहिलीच, उलट आता ट्रस्टमधल्या प्रत्येकाला ती आणावी लागणार होती. मागितलेले दिले नाही आणि देऊ केलेले मात्र ठेवून घेतले. अर्ज करणारी संघटना थक्क झाली. सदस्यांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही, कारण सदस्य विचारत होते, ‘तुम्हाला कोणी सांगितले होते अर्ज करायला?’

मग हरकती आणि सूचना मागवल्या गेल्या. साडेनऊ हजारांहून अधिक आल्या. हरकत हा प्रकार लोकशाहीतला सर्वांत प्रामाणिक वाङ्मयप्रकार आहे. त्यात माणूस मन मोकळे करतो आणि शेवटी आपला विनम्र म्हणून सहीही करतो. बहुतेक हरकतींचा मुख्य सूर असा : ही हत्यारे नोंदलेली आहेत, त्यांच्यासाठी महिनोन् महिने वाट बघावी लागते, दोनशे डॉलर भरावे लागतात, खून करायचा असलेला माणूस इतका धीर धरील का? सरकारी फॉर्म भरून, वर्षभर थांबून, मग रागाच्या भरात गुन्हा करणारा मनुष्य हा खरे तर मानसशास्त्राला आव्हान आहे. दुसरा मुद्दा, की शेरीफला नकाराधिकार देणे म्हणजे हक्काची चावी एका निवडणूक लढवणाऱ्याच्या खिशात टाकणे. तिसरा मुद्दा व्यावहारिक : ट्रस्टमध्ये बारा चुलत भाऊ असतील तर एका सायलेन्सरसाठी एकशेवीस बोटे काळी करायची काय?

समर्थकांचे म्हणणेही पोकळ नव्हते. हत्यार ज्याच्या हातात जाईल त्याची ओळख पटवायची नसेल, तर बाकीच्या नोंदणीला अर्थ काय? दुकानातून हत्यार उचलायला येणाऱ्या एका विश्वस्ताची तपासणी होत असे, पण उरलेल्या अकरांची नाही. तेच वर्ष, २०१३ चा फेब्रुवारी. लॉस एंजलिसच्या पोलिस दलातून काढलेल्या एका माणसाने चार जणांचे जीव घेतले, आणि आपण सॉफ्टवेअरवर ट्रस्ट करून सायलेन्सर व आखूड रायफल मिळवल्याचे त्याने आधीच लिहून ठेवले होते. इथे विनोद थांबतो. त्याचे ठसे घेतले असते तरी त्याला अडवण्याजोगे काही सापडले असते का, यावर पुढे दोन्ही बाजूंनी बराच वाद झाला. पण ज्याच्या हाती हत्यार द्यायचे त्याचे बोट तरी पाहू द्या, ही मागणी त्या दिवसांत हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती.

जानेवारी २०१६ मध्ये अंतिम नियम आला. क्रमांक ‘४१ एफ’. त्यात ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे आणि फोटो राहिले. शेरीफची सही मात्र सर्वांसाठी गेली. आता अर्जाची एक प्रत शेरीफला नुसती कळवायची. त्याने ती वाचावी, फाइलला लावावी किंवा चहाचा कप ठेवायला वापरावी, परवानगीशी तिचा संबंध नाही. ज्या लाभार्थ्यांना हत्यार वापरण्याचा अधिकार नाही तेही सुटले. सहा वर्षांचा मुलगा वाचला. थोडक्यात, साडेनऊ हजार हरकती वाचून, सहा वर्षे खपून सरकार नेमके तिथेच पोहोचले, जिथे २००९ चा अर्ज उभा होता. कायदे करण्याची ही पद्धत वेळखाऊ आहे खरी, पण तिचा एक फायदा आहे. शेवटी कोणालाच आनंद होत नाही, त्यामुळे कोणी जिंकल्याचा त्रास दुसऱ्याला होत नाही.

नियम लागू होणार होता १३ जुलै २०१६ ला. घोषणा आणि अंमल यांच्यामध्ये सहा महिने. ज्यांना आयुष्यात कधी सायलेन्सरची गरज भासली नव्हती त्यांनाही आता ‘पुन्हा अशी संधी नाही’ असे वाटू लागले. दुकानांत झुंबड उडाली, वकील रात्री जागू लागले आणि ट्रस्ट धडाधड जन्माला आले. ट्रस्टची चोरवाट बंद व्हावी म्हणून केलेल्या नियमाने त्या सहा महिन्यांत अर्जांचा डोंगर उभा केला, आणि तो उपसायला एटीएफच्याच कारकुनांना पुढे कित्येक महिने लागले.

नंतर काय झाले? नियम अर्जाच्या वेळी जे विश्वस्त आहेत त्यांचे ठसे मागतो. अर्ज मंजूर झाल्यावर नवा विश्वस्त घेतला, तर त्याचे ठसे पाठवण्याची सक्ती नाही. झाले. बाजारात ‘एका सायलेन्सरला एक ट्रस्ट’ निघाला. अर्ज करताना विश्वस्त एकटा बाप. मंजुरी आली की बायको, भाऊ, मेहुणा, साडू अशी भरती. दुसरा सायलेन्सर घ्यायचा तर दुसरा ट्रस्ट, पुन्हा एकटा बाप. आता एकेका घरात माणसांपेक्षा ट्रस्ट अधिक आहेत. गंमत म्हणजे शेरीफची सही गेल्यामुळे ज्याला ट्रस्टची गरज नव्हती तो साधा नागरिकही आता सुखात अर्ज करू शकतो. पण अमेरिकन मनुष्य एकदा विश्वस्त झाला की पुन्हा नुसता माणूस व्हायला तयार होत नाही.

एटीएफवर सगळा दोष टाकणेही बरोबर नाही. बारकाव्यात शिरण्याची या खात्याला उपजत आवड आहे. २००४ साली खात्याने एका पत्रात, दोन्ही टोकांना फासा असलेली चौदा इंची बुटाची नाडी ही मशीनगन आहे असे कळवले, कारण ती विशिष्ट रीतीने रायफलीला बांधली तर एकदा चाप ओढून गोळ्या सुटत राहतात. २००७ साली खात्याने फेरविचार केला : नाडी नुसती असेल तर मशीनगन नाही, रायफलीला बांधल्यावर आहे. मधल्या तीन वर्षांत अमेरिकेतले किती लोक पायात मशीनगन घालून फिरत होते, याची गणना झाली नाही. पुढे पिस्तुलाला हाताशी बांधायचा आधार आला. २०१५ साली खात्याने सांगितले, की हा आधार खांद्याला टेकवलात तर पिस्तुलाची रायफल होते. म्हणजे एकच वस्तू, हात वर गेला की गुन्हा आणि खाली आला की नागरिक. २०१७ मध्ये खात्याने हे मागे घेतले. २०२३ मध्ये नवा नियम आणून अशी बहुतेक पिस्तुले पुन्हा रायफली ठरवली आणि मोफत नोंदणीची मुदत दिली. सुमारे अडीच लाख अर्ज आले. २०२४ मध्ये टेक्सासच्या एका केंद्रीय न्यायालयाने तो नियमच रद्द केला. ज्यांनी नियम पाळून नोंदणी केली ते आता कपाळाला हात लावून बसले आहेत. कपाळाला हात लावण्यावर अद्याप नियम नाही.

या सगळ्यात आपली मराठी मंडळी कुठे बसतात? डॅलस, ह्यूस्टन, अटलांटा इकडे मराठी मंडळांची भरभराट आहे आणि तिथे दर गणपतीला कोणी तरी नव्याने घेतलेल्या बंदुकीचा विषय काढतोच. ग्रीन कार्ड असलेल्याला बंदूक घेता येते. एच-वन-बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला केंद्राच्या कायद्याने ती बाळगता येत नाही. पण अपवाद आहे : त्याच्याकडे कुठल्याही राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर बंदी उठते. शिकार केलीच पाहिजे अशी अट नाही. त्यामुळे चातुर्मास पाळणारा, अंडेही न खाणारा एखादा संगणक अभियंता कागदोपत्री हरिणाच्या मागे असतो आणि हरणाला त्याची कल्पनाही नसते. मात्र ही अडचण ट्रस्ट काढून चुकवता येत नाही. ४१ एफ नंतर ट्रस्टच्या नावाने अर्ज केलात तरी दहा बोटे पुढे करावीच लागतात.

आणि आता ताजा अंक. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कर-विधेयकाने सायलेन्सर, आखूड रायफल आणि आखूड शॉटगन यांच्यावरचा दोनशे डॉलरचा कर शून्य केला. १ जानेवारी २०२६ पासून अंमल. मशीनगनवर तो अजून आहे. एक्याण्णव वर्षांत ही रक्कम कोणी एका डॉलरने वाढवली नव्हती. महागाई तिला मुकाट्याने खात होती. शून्य डॉलर भरायचे, पण अर्ज, फोटो, दहा बोटे आणि शेरीफला प्रत, हे सर्व पूर्वीप्रमाणे. यावर वादी कोर्टात गेले आहेत. त्यांचा प्रश्न रोकडा आहे : हा कायदा १९३७ साली सुप्रीम कोर्टात टिकला, तो ‘हा कर आहे’ म्हणून. मग कर शून्य झाल्यावर उरते काय?

माझ्या मते उरतो फॉर्म. १९३४ साली बंदी घालता येईना म्हणून कर बसवला, कराची वसुली म्हणून फॉर्म काढला, फॉर्म भरणाऱ्याची ओळख पटावी म्हणून बोटे मागितली, बोटे चुकवायला लोकांनी कागदी माणूस उभा केला, आणि कागदी माणसाला बोटे लावता लावता सरकारची सहा वर्षे गेली. कर गेला तरी यातले काहीच गेले नाही. आता कोर्टाचा निकाल कोणाच्याही बाजूने लागो, तो राबवण्यासाठी एक नवा नमुना निघेल यात शंका नको.

तेव्हा तिकडच्या मराठी बंधुभगिनींना एकच विनंती. ट्रस्ट करायचाच असेल तर विश्वस्त मोजके घ्या, तिजोरीचे आकडे बायकोला आधी सांगा आणि नाव शक्यतो आखूड ठेवा. ‘श्री सिद्धिविनायक सहकुटुंब सहपरिवार ट्रस्ट’ हे नाव भारदस्त आहे, पण तेवढे कोरायचे तर नळी सोळा इंचांहून लांब लागेल, आणि मग तुम्हाला ट्रस्टची गरजच उरणार नाही.